बी.एड. ते पवित्र पोर्टल: माझा अनुभव

बी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) आणि पवित्र पोर्टल (सरकारची ऑनलाइन शिक्षकभरती) एवढं सगळं पार करून मी आज मुंबईत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. या सगळ्यात माझ्यातली शिक्षिका कुठे घडली असेल तर ती आंतरवासितेत, म्हणजे बी.एड. करताना खऱ्या शाळेत जाऊन शिकवण्याच्या टप्प्यात. आणि नेमक्या त्याच टप्प्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी बी.एड.ला आले तेव्हा ते दोन वर्षांचं झालेलं होतं. शिक्षक-शिक्षणावरच्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा अहवाल 2012 चा, एनसीटीईचे (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेचे) नवे नियम 2014 चे, आणि 2015 पासून एका वर्षाची दोन वर्षं झाली. वर्ष वाढलं ते मुख्यतः शाळेतल्या अनुभवासाठी: एकूण 20 आठवडे, त्यातले 16 दुसऱ्या वर्षी.

सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या पाठांतून शिकवण्याचा सराव, मला मनापासून आवडलं. सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला त्यावर अभिप्राय), बारा मिनिटांत टाचण (पाठाचा आराखडा) नव्याने लिहायचं आणि पुन्हा शिकवायचं. एका वेळी एकच कौशल्य, फळालेखन नाहीतर प्रश्न विचारणं. पण समोर विद्यार्थी म्हणून बसतात ते आपलेच वर्गमित्र, आणि त्यांना उत्तरं येत असतात.

आंतरवासितेला गोवंडीची शाळा मिळाली. वर्ग मराठी माध्यमाचा, आठवीचा, पण कितीतरी मुलांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी. तिथल्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "धाराविद्युत शिकवायच्या आधी मुलांकडून चित्र काढून घ्या. सेल, तार, बल्ब. वीज कुठून कुठे जाते ते बाणांनी दाखवा म्हणावं." मधल्या सुट्टीत आम्ही दोघी वह्या बघत बसलो. बऱ्याच जणांनी सेलच्या दोन्ही टोकांकडून बाण आणून बल्बमध्ये त्यांची टक्कर लावली होती. काहींनी बल्बच्या पुढची तार मुद्दाम बारीक रेघेने काढली होती, कारण वीज बल्बने खाल्ली! पुढचा पाठ आम्ही या चित्रांवरच बेतला. एकसारखे दोन बल्ब एकामागोमाग जोडले आणि सेल लावण्याआधी प्रत्येकाला वहीत लिहायला सांगितलं: दुसरा बल्ब कमी उजळेल की पहिल्याएवढाच? बहुतेकांनी 'कमी' लिहिलं. दोन्ही सारखेच पेटले. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, सेल उलटा लावून बघा ना." लावला, तरी तेच. त्यानंतर वर्गात जो वाद रंगला, तसा वाद आता मी माझ्या वर्गात मुद्दाम घडवून आणते.

हे मला त्या बाईंनी शिकवलं आणि माझ्या गुणपत्रिकेत त्यांचा कुठे मागमूसही नाही. कॉलेजचे निरीक्षक मागच्या बाकावर बसून पाठ बघायचे, शेरा लिहायचे आणि पुढच्या शाळेकडे पळायचे. त्यांच्या वाट्यालाही शाळा भरपूर होत्या. बाईंना आमच्यासाठी मोकळी तासिका नव्हती, त्या स्वतःची मधली सुट्टी देत होत्या.

बी.एड. 2019 मध्ये संपलं. टीईटीचा दुसरा पेपर 2020 च्या जानेवारीत दिला: 150 प्रश्न, 150 मिनिटं, त्यात गणित-विज्ञानाचे 60. सुटले. टेट मात्र 2017 नंतर थेट 2023 मध्ये झाली, तोवर क्लासमध्ये शिकवून दिवस काढले. टेटला दोन तासांत 200 प्रश्न. मग पवित्रवर प्राधान्यक्रम भरले आणि 2024 मध्ये मुलाखतीशिवायच्या यादीत नाव लागलं. आता पूर्ण पगार सुरू होण्याआधी तीन वर्षं मानधनावरची शिक्षणसेवक, महिना 16,000 रुपये. मुंबईत एवढ्यात घरभाडंही भागत नाही. चांगली मुलं या वाटेला का फिरकत नाहीत याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

परीक्षा नकोतच असं मी म्हणणार नाही. ज्याचा विषयच कच्चा आहे त्याच्या हाती वर्ग देऊ नये. सेवेची पाच वर्षांहून जास्त वर्षं उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये दिला, तेव्हापासून आमच्या स्टाफरूममध्ये चाळिशी-पंचेचाळिशीतले सहकारीही गाइड घेऊन बसलेले दिसतात. पण टीईटी असो वा टेट, उमेदवाराला वर्गात शिकवताना कुणीच बघत नाही. माझी निवड मुलाखतीशिवाय झाली, म्हणजे नोकरी मिळेपर्यंत मला मुलांसमोर उभं राहिलेलं पाहिलं ते फक्त आंतरवासितेत. तिथले निदान निम्मे गुण तरी रोज वर्गात सोबत असणाऱ्या शिक्षकाच्या हाती हवेत, आणि त्या कामाचा वेळ त्याच्या वेळापत्रकात धरलेला हवा.

यंदा माझ्या शाळेत छात्रशिक्षक येणार आहेत. मुख्याध्यापकांकडे मी दोन गोष्टी मागितल्या: त्यांच्याबरोबर वह्या बघायला आठवड्याला एक मोकळी तासिका आणि प्रत्येकाला सलग एकच वर्ग. तासिका मिळाली. एका वर्गासाठी कॉलेजला पत्र दिलं आहे. तिथल्या मॅडमना ते पटलंय, पण कोणत्या इयत्तेवर किती पाठ व्हायला हवेत हे अभ्यासक्रमातच ठरलेलं आहे. ते बदलायचं तर विषय विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढे जायला हवा, म्हणून पत्राची एक प्रत तिकडेही पाठवली आहे.