दोन हिवाळ्यांनंतर गाडीत ऊब

शनिवार, रात्री

दोनदा साबण लावून धुतले तरी हातांचा गोडसर वास गेला नाही. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा वास. हीटर कोअर गळतोय हे दोन वर्षांपूर्वी त्यानेच आधी कळवलं होतं. मग काच आतून धुरकट व्हायला लागली, पुसली की तेलकट पट्टा उमटायचा. शेवटी शेजारच्या सीटपुढची मॅट ओली लागली. तेव्हा इंजिनाच्या बाजूला एक आखूड होज लावून पाणी परस्पर फिरवलं आणि कोअर जागेवरच ठेवून त्या वाटेतून वगळला. गळती थांबली, पण काचेवरचं दव घालवणारी गरम हवाही गेली. दोन हिवाळे एका हातात फडकं धरून ही पिकअप चालवली. तसं करायला नको होतं.

हीटर कोअर म्हणजे लहानसा रेडिएटरच. इंजिनातलं तापलेलं पाणी त्याच्या नळ्यांतून जातं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. वस्तू साधी, जागा मात्र डॅशबोर्डखालच्या पेटीत. पेटी आत, तिचे स्टड, म्हणजे आटे पाडलेले दांडे, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून) बाहेर, नट इंजिनाकडे. सगळे नट निघाले, एक राहिला. तो मडगार्डच्या आतल्या पत्र्यामागे होता, डोळ्यांना दिसतच नव्हता. पत्रा सोडवला. गंजावर काल रात्रीच तेल सोडून ठेवलं होतं, तरी हलेना. मग रिंग पान्ह्याने थोडा सैल, परत थोडा घट्ट, पुन्हा तेल, असं करत राहिलो. स्टड तुटला असता तर पेटीच फुटली असती. दुपार त्या एका नटात गेली, आणि तो सुटला तेव्हा मी पान्हा खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो.

कोअरवरचे जुने होज पिळून ओढले नाहीत, ब्लेडने उभे चिरले. पिळलं की नळीचं तोंड सोल्डरपासून फाटतं, आणि जुना कोअर दुरुस्त होईल अशी मला आशा होती. नळ्यांना बुचं मारून पेटी आत ओढली. कुत्रा आधीच घरात कोंडला होता. या गोड पाण्यात एथिलीन ग्लायकॉल असतं, थोडंसं चाटलं तरी जनावर दगावू शकतं.

पेटीत वाळकी पानं, भुगा झालेला फोम. आणि कोअरच्या एका कोपऱ्यावर जुन्या सोल्डरचं ठिगळ. माझ्या आधी कुणीतरी हा कोअर बाहेर काढला होता, तोच नट सोडवला होता! ठिगळ अजून शाबूत होतं. गळत होतं त्याच्या शेजारून, आणि तिथले पितळी पत्रे बोटाने चुरत होते. दुरुस्तीची आशा संपली. तरी तो फेकला नाही, फळीवर ठेवलाय.

रविवार

नवा कोअर बसवण्याआधी एक तोंड बंद करून बादलीत बुडवला आणि सायकलच्या पंपाने हलकी हवा भरली. बुडबुडा नाही. भोवती नवा फोम नीट चिकटवला. फट राहिली तर हवा कोअरला वळसा घालून थंडच बाहेर पडते, आणि मग माणूस नव्या कोअरला दोष देतो. इंजिनाची अर्थची पट्टीही घासून चकचकीत केली, कारण भरकटलेला करंट कूलंटमधून वाट काढतो आणि धातू खातो. त्यातून कूलंट वर्षानुवर्षं बदललेलं नसेल तर गंज रोखणारी द्रव्यंही संपलेली असतात. आता पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलंय, उणे ३७ अंशांपर्यंत गोठणार नाही.

आत अडकलेली हवा निघावी म्हणून गाडीचं नाक चढाकडे, हीटर पूर्ण उघडा, रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच काढून ठेवलेलं. पाणी तापल्यावर वाट मोकळी करणारा थर्मोस्टॅट उघडला तशी आत गुळगुळ झाली, पातळी एकदम खाली गेली. भर घातली, झाकण लावलं, पंखा सोडला. काचेच्या तळाशी दोन स्वच्छ अर्धचंद्र उमटले, हळूहळू वर चढले आणि मधोमध एकमेकांना मिळाले. फडकं सीटवर तसंच घडी करून पडलं होतं.

उद्या इंजिन थंड असताना पातळी पुन्हा बघायची, आणि होज आवळणाऱ्या दोन्ही क्लॅम्पखाली कोरडं बोट फिरवायचं.