पाय फुटलेले कंद

फोंड्याच्या बाजारात निशिगंधाची काडी मिळते ती बहुतेक घाट उतरून आलेली असते. अबोली आमच्या दारात, जाई दारात, शेवंतीचेही चार गड्डे असतात. निशिगंध मात्र विकत, तोही अर्धा सुकलेला. याची मला उगाचच लाज वाटायची. म्हणून दसरा झाल्यावर चाळीस कंद आणले, गडग्याच्या कडेला उंच वाफा केला, शेणखत घातलं आणि फुलवालीला मनातल्या मनात निरोप दिला.

पंधरा-वीस दिवसांत पाती वर आल्या. मग एका सकाळी एक पात तिरकी दिसली. सरळ करायला हात लावला तर ती अख्खीच हातात आली. खाली कंद नाही. वरून काही उकरलेलं नाही, माती जागच्या जागी, नुसती टोपी ठेवून डोकं गायब. दुसऱ्या दिवशी शेजारची, मग तिच्या शेजारची. ओळ सोडून काम नव्हतं त्याचं. आमचे सरकारी रस्तेही इतके ओळीने खणत नाहीत.

त्याच सुमाराला शेजारच्या काकींनी लेकीकडून ग्लॅडिओलसचे सहा कंद मागवले होते. हिरवट पाकळ्यांचे. पाकिटावरचं चित्र त्यांनी अख्ख्या वाड्याला दाखवलं होतं. आठवड्याभरात तेही नाहीसे झाले. गडग्याच्या पलीकडून काकी मला म्हणाल्या, “कंदांना पाय फुटले गो आमच्या.” आणि म्हणताना त्यांची नजर माझ्या ताज्या उकरलेल्या वाफ्यावर होती. मी म्हटलं, “आमच्याही.” त्यावर त्या फक्त “हं” म्हणाल्या. या ‘हं’चा अर्थ लावण्यात माझा अख्खा नोव्हेंबर गेला.

माझी नणंद इंग्लंडात स्विंडनला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती एवढ्या जोरात हसली की मला रागच आला. तिकडे म्हणे हे दर वर्षीचंच. थंडीच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ट्यूलिप आणि क्रोकसचे कंद लावायचे. रात्री रानउंदीर आणि व्होल नावाचा आखूड शेपटीचा उंदरासारखा प्राणी, आणि दिवसा खारी, अशा दोन पाळ्यांत ते जातात. क्रोकस तर त्यांचा विशेष आवडीचा. लोक कंदांवर तारेची जाळी अंथरून वर माती लोटतात. डॅफोडिलला मात्र कुणी तोंड लावत नाही, कारण त्याचा कंद विषारी. आणि खारी एका जागी साठा करत नाहीत, एक इथे पुरतील, एक तिथे; मग वसंतात भलत्याच्या हिरवळीत मधोमध क्रोकस उगवतो. तेव्हा हा मला नुसता गमतीचा तपशील वाटला होता.

विषाचं मात्र लगेच जाऊन पाहिलं. निशिगंधाच्या वाफ्याला लागूनच माझी फुटबॉल लिली आहे, पहिल्या पावसाला लाल चेंडू काढणारी. पलीकडे स्पायडर लिली. कुंपणाला कळलावी, तिचा कंद तर माणसाचाही जीव घेईल असा. तिघींच्या मुळाशी एक ओरखडा नाही. म्हणजे चोर जाणकार होता. आमच्या घरात अळंबी निवडायला सासूबाईंनंतर एवढं जाणकार कुणी उरलेलं नाही.

उंदराला मूषक म्हणतात ते मुष् या धातूवरून, आणि मुष् म्हणजे चोरणं. प्राण्याचं नाव ठेवतानाच आपण त्याच्यावर गुन्हा नोंदवून टाकलाय. पण कंदांच्या चोरीत तो एकटा कधीच नव्हता. पणजीत चर्चसमोरच्या बागेला ज्याचं नाव आहे तो पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. ते 1567 मध्ये लॅटिनमध्ये संक्षेपाने नेलं क्लुसियस नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने. हाच क्लुसियस पुढे 1593 मध्ये हॉलंडात लायडनला गेला आणि तिथे त्याने ट्यूलिप लावले. त्याच्या बागेतले कंदही चोरीला जात, आणि ते नेणारे दोन पायांचे होते. हे वाचून मला बरं वाटलं. काकींना सांगावंसंही वाटलं, पण त्या दिवसांत आमचं बोलणं पाणी किती वाजता आलं, एवढ्यावर आलं होतं.

जानेवारीत नारळ पाडायला पाडेली आला. त्याने वाफा पाहिला, गडग्याच्या पायथ्याला भुसभुशीत मातीचा एक ढीग पायाने हलवला आणि म्हणाला, “हुंदीर न्हय हो वयनी, घुशीचें काम तें.” मोठी घूस नव्हे, शेतातली लहान, शेपटी सोडली तर विताएवढी. घुशीवरूनच इंग्रजीतला बॅंडिकूट आलाय, तोही तेलुगूतल्या पंदिकोक्कुवरून, म्हणजे डुक्कर-उंदीर. डुकरासारखी उकरते हे खरं, पण तोंड आतून लावून घ्यायची अक्कल डुकराला कुठे. बिळात गेली की मागे माती लोटून दार बंद.

पाडेलीने आधी काठी घालून पाहिली. धामण असेल तर, म्हणाला. आयत्या बिळात नागोबा आमच्याकडे फक्त म्हणीत नसतो. मग कुदळ घातली. डोंगर पोखरून उंदीर निघतो, इथे उंदराचं पोखरून भांडार निघालं. घूस कधीच दुसऱ्या वाटेने पसार झाली होती. तिच्या बिळाला दारं किती ते तिलाच ठाऊक. पण कोनाड्यासारख्या एका पोकळीत माझे कंद एकावर एक रचलेले. पाती कुरतडून साफ केलेल्या. सोबत मूठभर भात, सुपारीची साल आणि फणसाच्या चार आठळ्या.

त्या आठळ्या बघून मी जरा थांबलेच. आमच्याही घरात मे महिन्यात हेच चालतं. आठळ्या माती लावून सुकवायच्या, सोलं, सुकी मिरची, सुकी सुंगटं डब्यांत भरायची, पावसाचे चार महिने बाजारात जायला लागू नये म्हणून. पुरुमेंत. मडगावात तर त्यासाठी फेस्ताची मोठी फेरी, म्हणजे जत्राच, भरते. घुशीचं पुरुमेंत माझ्यापेक्षा नीट होतं. माझ्या डब्यात दर वर्षी पोरकिडे होतात. पाडेली म्हणाला, “आमची आवय घुशीचीं बिळां खणून भात काडटाली.” किती सहज म्हणाला. भुकेच्या दिवसांत कोण कोणाचं चोरत होतं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट. बीळ नेमकं गडग्याखाली होतं. गोव्यात बांधाच्या वितभर जमिनीवरून सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातात. ही बया हद्दीच्या बरोबर खाली घर करून दोन्हीकडचं खात होती आणि तिला कुणी नोटीस पाठवत नव्हतं.

कंद मोजले. बावीस निशिगंध, काहींना मुळं फुटलेली. आणि एक वेगळा: चपटा, जाळीदार सालीचा. पाडेली म्हणाला अळकुडी असेल. मीही अळकुडी समजून तो वाफ्याच्या टोकाला लावला. निदान तसं मी स्वतःला सांगितलं. पुढे त्याला तलवारीसारखी पात आली तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं. पण तेव्हा जाऊन काय सांगणार? सांगू उद्या, सांगू उद्या, करता करता शिगमो आला.

शिगम्याच्या दिवसांत निशिगंधाला पहिली काडी आली आणि त्याच आठवड्यात टोकाला ग्लॅडिओलस फुलला. हिरवट. पाकिटावर होता अगदी तसा. सकाळी मी पाणी घालत होते आणि काकी गडग्याशी उभ्या. किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे.

“घुशीनं आणला काकी,” मी म्हटलं. स्वतःच्या कानांनाही ते खोटं वाटलं.

“हो का? आणि लावलाही तिनंच?”

मी बिळाची सगळी हकिकत सांगितली. पाडेलीची साक्ष काढली. नणंदेच्या स्विंडनपर्यंत गेले, लायडनला तेवढं नेलं नाही. काकी ऐकत होत्या, नजर फुलावर. शेवटी मी विळीने ती काडी कापली आणि गडग्यावरून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, उलटसुलट करून पाहिली, पदराला लागलेलं पाणी झटकलं.

“आणि बाकीचे पाच?” त्या म्हणाल्या.