एकवीस बाइटांचा नमस्कार

दिवाळीच्या सुट्टीत भाची नवा लॅपटॉप घेऊन आली. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची आहे आणि यंत्रावर उबुंटू या लिनक्स प्रणालीखेरीज काहीच नाही, तेव्हा "मामा, यावर सी चालवून दे," एवढीच तिची मागणी होती. आज्ञा टंकायची खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडून मी जीसीसी या सीच्या कंपायलरचे (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्याचे) नाव टंकले, तर अशी आज्ञाच येथे नाही, पण हवी असल्यास ती कशी मिळवावी, हेही यंत्राने अदबीने सांगितले. मी मात्र 'बिल्ड इसेन्शियल' हा गठ्ठाच मागवला. तो म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा असतो. कंपायलर, सीच्या लायब्रऱ्यांच्या शीर्षक-फाइली, 'मेक' हे सारे त्यात आपापल्या वाटीत येते, आणि ऐन फोडणीच्या वेळी हळद शोधत हिंडावे लागत नाही.

माझ्या विद्यार्थिदशेत सी म्हणजे टर्बो सीचा निळा पडदा. कंट्रोल आणि एफ-नऊ दाबले की प्रोग्राम चालायचा, पण उत्तर क्षणभर चमकून नाहीसे व्हायचे, म्हणून अखेरीस 'गेटसीएच' लिहून त्याला थोपवून धरण्याची युक्ती सगळ्यांना पाठ होती. अर्धविराम सहाव्या ओळीत विसरला, तर तो निळा पडदा बोट सातव्या ओळीवर ठेवायचा. त्या निरपराध सातव्या ओळीकडे टक लावून बसण्यात आमचे कितीतरी तास गेले. यात यंत्राचा दोष नव्हता, कारण वाक्य संपलेले नाही हे पुढचा शब्द वाचेपर्यंत त्याला तरी कसे कळावे?

कंपायलरला पारिभाषिक मराठीत 'संकलक' म्हणतात. हा शब्द मला पूर्वी हास्यास्पद वाटे, कारण हे गृहस्थ काय कवितासंग्रह संपादित करतात की काय, असे मनात येई. पण ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास ए-झिरो ही प्रणाली तयार केली, तेव्हा तिचे काम खरोखर संकलनाचेच होते. तयार उपप्रोग्राम टेपवरून क्रमांकाने हुडकून काढायचे आणि एकत्र ओवायचे. आज ते तुकडे जोडण्याचे काम लिंकर नावाचा शेवटचा गडी करतो आणि कंपायलरकडे उरते ते भाषांतर, तरी नाव जुन्या धंद्याचेच राहिले आहे. आपल्याकडच्या आडनावांचे तरी दुसरे काय झाले आहे?

पहिला प्रोग्राम कोणता लिहायचा, हा प्रश्न नव्हताच. ब्रायन कर्निघन यांनी १९७४ साली बेल लॅब्जमध्ये सीची ओळख करून देताना जगाला जो 'हॅलो' घातला, तोच तेव्हापासून सगळे घालत आले आहेत. आम्ही तेवढा 'नमस्कार' केला. फाइल कंपाइल केली आणि पडद्यावर काहीही उमटले नाही. "बिघडलं का?" असे भाचीने विचारले. बिघडले असते तर यंत्र बोलले असते. सारे सुरळीत झाले म्हणून ते गप्प होते, आणि या शांततेची सवय व्हायला काही दिवस जावे लागतात.

फोल्डरमध्ये मात्र 'ए डॉट आउट' नावाची फाइल आली होती. आपण बारसे केले नाही, तर जीसीसी प्रत्येक अपत्याला हेच नाव देतो; ते असेंब्लरच्या (यंत्राच्या जवळच्या असेंब्ली भाषेतून यंत्रभाषेत उतरवणाऱ्याच्या) काळापासून, 'असेंब्लर आउटपुट'चा संक्षेप म्हणून, चालत आलेले आहे. ती चालवायची तर नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते, म्हणजे 'येथलीच, याच फोल्डरमधली' असे बजावून सांगावे लागते. लिनक्स आपल्या ठरावीक जागांतच आज्ञा शोधतो. पायाशी पडलेली फाइल आपण होऊन उचलत नाही, आणि हे शहाणपणाचेच आहे, कारण ओळखीचे नाव धारण केलेली भलतीच फाइल तेथे कोणी ठेवली नसेल कशावरून?

शंभरही अक्षरे नसलेल्या मजकुराची ही फाइल सुमारे सोळा हजार बाइटांची झाली होती. त्यातला बराच भाग नुसती शून्ये असतात, निरनिराळे विभाग ४०९६ बाइटांच्या सीमांवर नेमके बसावेत म्हणून भरलेली. याहून गंमत सी आणि यंत्रभाषा यांच्या मधल्या टप्प्यावरच्या असेंब्लीत दिसली. ओळ छापायला मी 'प्रिंटएफ' हे फंक्शन लिहिले होते, तेथे 'पुट्स' हे दुसरेच होते. ओळ साधी आहे, तिच्यात आकडे भरायचे नाहीत, शेवटी नवी ओळच आहे, हे पाहून जीसीसीने मला न विचारता हलके फंक्शन वापरले होते. कोणी आपले लिखाण इतके नेमके सुधारले, तर रागवावे तरी कसे?

भाचीला मात्र वेगळेच सुचले. 'नमस्कार'ची लांबी विचारू या, म्हणाली. तिच्या हिशेबाने चार अक्षरे, आणि पडद्यावर आले २१. न, म, स, हलन्त, क, काना आणि र ही सात चिन्हे यंत्र सुटी साठवते आणि यूटीएफ-आठ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, हे मी सांगत होतो, तोवर तिने हलन्त खोडून पुन्हा कंपाइल केले. या वेळी १८ आले.

"म्हणजे सचा पाय मोडायचे तीन बाइट पडतात तर," ती म्हणाली, आणि स्वतःच्या नावातली जोडाक्षरे मोजायला बसली.