लिथियम, बीपीची गोळी आणि आईचे थरथरते हात

आई ७२ वर्षांची. बायपोलर या मनाच्या आजारासाठी (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य) वर्षानुवर्षं लिथियम घेते आणि त्याच गोळीनं तिला उभं ठेवलंय, हे आधी सांगते. हात थोडे थरथरायचे, पण वाती वळता येत होत्या. मागच्या उन्हाळ्यात थरथर एकदम वाढली. आमटीची वाटी तोंडाशी नेईपर्यंत निम्मी पदरावर. चालताना झोक जायचा, जुलाबही लागले.

"वय झालं, कंपवात असेल," असं जो तो म्हणे. एका डॉक्टरांनी कंपवातावरची ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी दिली. थरथर तशीच राहिली, वर आई रात्री असंबद्ध बोलायला लागली, लघवी तुंबायला लागली. म्हाताऱ्या माणसांना ही गोळी जपूनच द्यावी लागते, हे नंतर कळलं.

तिच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मात्र वेळ घेऊन पाहिलं. हात मांडीवर ठेवायला सांगितले, मग समोर ताणून धरायला, मग कागदावर गोल गोल काढायला. मांडीवर हात शांत होते, काही धरलं की थरथर. कंपवातात बहुधा याच्या उलट असतं. मग त्यांनी घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला लावल्या. फिजिशियननी नुकत्याच बदललेल्या बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड निघालं. त्यानं लघवीवाटे मीठ जातं, मग मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला बघतं आणि त्याबरोबर लिथियमही अंगात साठतं. त्यात उन्हाळा आणि जुलाब, म्हणजे अंगातलं पाणीही कमी झालेलं.

लगेच रक्त तपासलं. रक्तातल्या लिथियमची लेव्हल १.४ (mmol/L) आली, तिच्या वयाला ०.४ ते ०.८ पुरे. दाखल करून लिथियम थांबवलं, सलाइन लावलं. दोन्ही डॉक्टर फोनवर एकमेकांशी बोलले, हे मला फार मोलाचं वाटतं. बीपीला अ‍ॅम्लोडिपिन आलं, ट्रायहेक्सिफेनिडिल बंद झालं, लिथियम कमी डोसवर पुन्हा सुरू झालं. उरलेल्या बारीक थरथरीसाठी, दमा नाही याची खात्री करून आणि नाडी बघून, प्रोप्रॅनोलॉल १० मिलिग्रॅम दोनदा दिलं. थरथर पूर्ण गेली नाही, पण वाटी सांडत नाही.

आता ठरावीक काळानं लेव्हल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायला) आणि थायरॉइड तपासतो. लेव्हलचं रक्त रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतरच. जेवणातलं मीठ मनानं कमी करायचं नाही. गुडघे दुखले तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांनीही लेव्हल चढते, म्हणून ती नावं औषधांच्या फाइलवर लाल पेनानं लिहून ठेवली आहेत.