तुम्ही विचारलंत म्हणून: सणासुदीला घर सोडून जाता तरी कशा?

भिशीत, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना, कुठेही गाठून हा प्रश्न विचारला जातो. "सणासुदीला घर सोडून जाता तरी कशा? आणि त्या देशोदेशीच्या सणांच्या तारखा काढता कुठून?" पहिल्या वाक्यात थोडा टोमणा असतो, दुसऱ्यात खरी चौकशी. दोन्हींना माझं उत्तर एकच आहे: आम्ही सणाला जात नाही, सणाच्या आधी जातो. मुख्य दिवस ज्या गावाचा सण त्या गावाचा. आपण त्या दिवशी तिथे असलो तर आनंदच, पण तेवढ्या एका दिवसासाठी विमानाची तिकिटं काढू नयेत.

ही अक्कल आमच्या देवघरामुळे आली. नवरात्रात आमच्याकडे घट बसतात. रोज माळ, अखंड दिवा. नऊ दिवस घराला कुलूप लागत नाही. गौरी-गणपतीचंही तेच. आणि मला तर कोलकात्याची दुर्गापूजा पाहायची होती. दोन्ही एकाच पंधरवड्यात! कित्येक वर्षं "पुढच्या वर्षी बघू" चाललं होतं. शेवटी नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, पूजा नाही तर नाही, मूर्ती घडताना तरी बघून येऊ." सासऱ्यांचं श्राद्ध पंचमीला असतं. ते उरकलं आणि आम्ही पितृपक्षातच निघालो. पितृपक्षात सहलीला निघणाऱ्या बायका म्हणून गल्लीत चर्चा झाली, ती वेगळी.

उत्तर कोलकात्यात हुगळीजवळ कुमारटुली म्हणून मूर्तिकारांची वस्ती आहे. पेणचे गणपतीचे कारखाने पाहिले असतील तर थोडी कल्पना येईल, पण तिथे काम साच्यातून नाही, बांबू आणि भाताच्या पेंढ्यापासून सुरू होतं. पेंढा सुतळीने आवळून माणसाच्या आकाराचा सांगाडा करतात आणि त्यावर नदीकाठची माती थराथराने चढवतात. मुंडकी आणि बोटं वेगळी घडवतात. एका दुकानाच्या पायरीवर, फळीवर, देवीची बोटं ओळीने वाळत घातलेली होती आणि एक म्हातारेबुवा त्यांतलं एकेक उचलून, नखाच्या जागी काडीने रेघ ओढून, परत ठेवत होते. दहा हातांची देवी, म्हणजे एका मूर्तीला पन्नास बोटं. शिवाय लक्ष्मी, सरस्वती, कार्तिक, गणपती आणि महिषासुर यांची वेगळी. आम्ही तिथे इतका वेळ उभ्या होतो की त्यांनी शेवटी स्टूल पुढे सरकवलं. डोळे रंगवायचा दिवस महालयाचा, म्हणजे आपली सर्वपित्री अमावास्या. ती पाहून आम्ही परत निघालो, कारण दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. कोलकात्याच्या दुर्गापूजेला 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, मंडप बघायला जग लोटतं. आम्ही एकही मंडप सजलेला पाहिला नाही आणि मला त्याची अजिबात हळहळ नाही.

आता तारखांचं. आपल्या भिंतीवर तिथींचं कॅलेंडर असतं, ते निम्म्या आशियाला पुरतं. थायलंडमध्ये पाण्यात दिवे सोडतात तो लॉय क्राथोंग त्यांच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला. ती बहुतेक आपलीच त्रिपुरारी पौर्णिमा निघते. 2024 मध्ये आणि 2025 मध्ये दोन्ही एकाच दिवशी होत्या. चिनी लोकांचा शरद ऋतूतला चंद्राचा सण त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला. तो कधी आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येतो, तर 2025 मध्ये थेट कोजागरीला, 6 ऑक्टोबरला आला. आपण आटीव दूध पितो, ते मूनकेक खातात. चंद्र दोघंही बघतात. कार्निव्हल सापडायचा तर ईस्टर सापडावा लागतो, आणि ईस्टर म्हणजे 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. तिथून 47 दिवस मागे मोजले की कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार. रिओचाही तोच आणि आपल्या गोव्याचाही तोच. हिजरी वर्ष मात्र आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान आणि त्याला अधिक मास नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत राहतो. रमजानमध्ये मुस्लिम देशांत जाऊ नका, उपाशी राहाल, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मलेशियात संध्याकाळी भरणारे रमजानचे बाजार त्यांनी पाहिलेले नसतात.

काही सण मात्र बिचारे सरळ असतात. थायलंडचं नववर्ष सोंगक्रान 13 ते 15 एप्रिल, मेक्सिकोचा मृतांचा दिवस 1 आणि 2 नोव्हेंबर, नागालँडचा हॉर्नबिल महोत्सव 1 ते 10 डिसेंबर, स्पेनमधल्या पाम्प्लोनाची बैलांची धावाधाव 7 ते 14 जुलै. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टचं, म्हणजे बिअरच्या जत्रेचं, नाव ऐकून ऑक्टोबरच्या मध्यावर पोचलात तर तंबू उतरवताना दिसतील. तो सुरूच सप्टेंबरमध्ये होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो.

तिथीचा हिशेब करताना एक खाचखळगा आहे, तो बालीच्या निमित्ताने सांगते. बालीतले हिंदू शालिवाहन शकच मानतात. त्यांचं नववर्ष, न्येपी, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे आपला पाडवाच की! 2023 मध्ये दोन्ही 22 मार्चला आले, 2026 मध्ये दोन्ही 19 मार्चला. पण 2024 मध्ये न्येपी 11 मार्चला होऊन गेली आणि आपला पाडवा थेट 9 एप्रिलला आला. त्यांचा अधिक मास आणि आपला अधिक मास दर वेळी एकत्र पडतातच असं नाही. तेव्हा तिथीवरून अंदाज बांधा, पण तिकीट काढण्याआधी त्या देशाचं त्या वर्षीचं कॅलेंडर बघाच.

आम्ही बालीला गेलो ते 2023 चं वर्ष. घट कुणावर टाकता येत नाहीत, पण गुढी सूनबाई उभारू शकते, आणि तिने ती माझ्यापेक्षा सरळ उभारली असं नंतर शेजारणींनी आवर्जून कळवलं. पाडव्याच्या आधीच्या दिवसांत तिथे मिरवणुकीने देव समुद्रावर नेतात आणि शुद्ध करून आणतात. प्रत्येक आळीच्या मंडपात पोरं ओगोह-ओगोह करत बसलेली असतात. हे म्हणजे बांबू आणि कागदाचे अवाढव्य राक्षस. आमच्या मुक्कामाजवळच्या मंडपात एका राक्षसाच्या नखांवरून दोन पोरांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. भाषा कळत नव्हती, पण गणपती मंडळाच्या डेकोरेशनचं भांडण कोणत्याही भाषेत ओळखू येतं. आदल्या संध्याकाळी हे राक्षस बांबूच्या चौकटीवर उचलून नाचवत नेतात आणि चौकाचौकांत गरागरा फिरवतात, म्हणजे भुताखेतांना दिशा कळू नये. मग बरेचसे जाळून टाकतात.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा, सगळं बेट बंद. दिवा लावायचा नाही, काम नाही, बाहेर पडायचं नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद, मोबाइलचं इंटरनेट बंद. फक्त दवाखान्यांसारखी निकडीची कामं चालतात. रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले गावाचे राखणदार फिरतात आणि पाहुण्यांनीही फाटकाबाहेर पाय टाकायचा नाही. आमच्या मालकीणबाईंनी आदल्या दिवशी भात आणि भाज्या करून झाकून ठेवल्या होत्या, खिडक्यांना जाड कापडं लावली होती. आमच्याकडे घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. दुपारपर्यंत नणंदबाईंची घालमेल चालली होती. पाडव्याचा दिवस, आणि घरच्या गुढीचा फोटो पाहता येईना! संध्याकाळी अंगणात अंधारात बसलो तर शेजारच्या घरातली माणसं अगदी हलक्या आवाजात बोलत होती, आणि आम्हीही आपोआप तसंच बोलायला लागलो. ज्यांना "बालीत त्या दिवशी काय बघायचं?" असा प्रश्न पडतो त्यांनी न्येपी टाळावी. आदल्या चार दिवसांसाठी जायचं असेल तर हा एक दिवस त्यांच्या नियमांनी काढायची तयारी हवी. परतीचं विमान त्या तारखेचं नसेल एवढं मात्र नक्की बघा, कारण ते उडणारच नाही.

बंद असण्याचा मुद्दा आखणीत सगळ्यात जास्त चुकतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, सण म्हणजे सगळं उघडं आणि झगमगाट. व्हिएतनामचं नववर्ष तेत किंवा चिनी नववर्ष हे आपल्या दिवाळीसारखे घरी जायचे सण. आधीचे दिवस बाजार ओसंडत असतात, रेल्वेला जागा मिळत नाही. मग पुढचे काही दिवस खानावळींना कुलपं. फुलांचा बाजार बघायला आधी जा. नंतर गेलात तर हॉटेलच्या खोलीत बिस्किटं खाल.

कुठे जाऊ नये, हेही लोक विचारतात. माझं मत पक्षपाती आहे. स्पेनच्या बुन्योल गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी टोमॅटो फेकून मारतात. 2013 पासून त्याला तिकीट आहे. मजा येत असेल. पण पिंपळगावच्या बाजारात भाव पडल्यावर शेतकऱ्याने रस्त्यावर ओतलेले टोमॅटो आम्ही पाहिलेत. त्यातून चालत जायला पैसे द्यायची माझी तयारी नाही. मेक्सिकोला मात्र जायची फार इच्छा आहे. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा तिकडचा, आणि तिकडे तो गेलेल्या माणसांसाठी मांडतात, त्यांच्या आवडीच्या पदार्थांशेजारी. फक्त तिथल्या दफनभूमीत रात्री घरची माणसं बसलेली असतात, तिथे मोबाइल पुढे करून फिरणाऱ्यांच्या गटात मी नसेन. सर्वपित्रीला नाशकात गोदावरीवरच्या रामकुंडावर आपण पिंड ठेवतोय आणि कुणी परका चेहऱ्यासमोर कॅमेरा धरतोय, हा अनुभव आम्हा पंचवटीकरांना नवा नाही.

तेव्हा नाशिकला कधी यावं, या उपप्रश्नाचंही उत्तर देऊन टाकते. नणंदबाईंची दिल्लीची मैत्रीण "होळी खेळायला" म्हणून धुळवडीला आली आणि सकाळपासून पिचकारी घेऊन कोरडीच बसून राहिली. आमच्याकडे धुळवडीला वीरांच्या मिरवणुका निघतात. रंग असतो तो पंचमीला, आणि तोही रहाडीत. रहाड म्हणजे जुन्या नाशकात रस्त्याखाली असलेले पेशवेकालीन दगडी हौद. वर्षभर झाकलेले, वरून गाड्या जातात, खाली हौद आहे हे नव्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही. रंगपंचमी जवळ आली की माती आणि फळ्या काढून रहाड उघडतात, उपसून धुतात आणि पूजा करतात. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा, प्रत्येक रहाडीचा मान वेगळा. रंग फुलापानांचा, उकळून काढलेला. त्या पाण्यात उडी घेण्याला धप्पा म्हणतात, आणि धप्प्याने उसळलेलं पाणी काठावरच्या सगळ्यांना भिजवतं. रंगपंचमीच्या दिवशी त्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. पण दोन-तीन दिवस आधी आलात तर उपसलेला हौद, त्याच्या पायऱ्या आणि रंगाच्या कढया निवांत बघता येतात, आणि आळीतली माणसं बोलायलाही मोकळी असतात.

सिंहस्थाचं विचारणाऱ्यांची संख्या आता रोज वाढते आहे. गुरू सिंह राशीत आला की आमच्याकडे सिंहस्थ. मुख्य पर्वण्या 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. वैष्णव आखाड्यांचं स्नान रामकुंडावर, शैवांचं त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर. 2015 च्या पर्वण्यांना आम्ही दूध आणि भाजी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती, कारण गल्लीच्या तोंडाशी बांबू लागले की आम्हालाही पलीकडे जाता येत नव्हतं. ज्यांना पुण्यासाठी पर्वणी साधायचीच आहे त्यांनी जरूर यावं, चालायची तयारी ठेवून, कारण गाड्या शहराबाहेर थांबवतात. ज्यांना बघायचं आहे त्यांनी दोन पर्वण्यांच्या मधल्या दिवसांत यावं. साधूंच्या तळावर, साधुग्राममध्ये, तेव्हा स्वयंपाक चाललेले असतात, धुनीपाशी बसायला मिळतं, महंतांशी दोन शब्द बोलता येतात. पावसाळा असतो, छत्री चालणार नाही, रेनकोट आणा. आणि राहायची सोय आत्ताच बघा. आमच्या घरातल्या दोन्ही खोल्या केव्हाच सांगून ठेवलेल्या आहेत.