आमची वाटचाल : दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर सांभाळताना

नवीन सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे बोर्ड सगळ्यांना दिसतात, जुनं चालू ठेवणाऱ्यांना कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. आमची सांगलीतली छोटी फर्म सुरुवातीपासून हेच काम करते. नव्वदच्या दशकात इकडच्या पतसंस्था, दूध संस्था, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडती, सगळीकडं कुणी ना कुणी फॉक्सप्रो नाहीतर क्लिपर ह्या डेटाच्या फाइली हाताळणाऱ्या त्या वेळच्या भाषांमध्ये प्रोग्राम लिहून दिला आणि तो लिहिणारा पुढं पुण्याला गेला, बेंगलोरला गेला, अमेरिकेला गेला. प्रोग्राम इथंच राहिला, त्यावर लोकांच्या ठेवी राहिल्या, आणि अडलं की फोन आम्हाला.

सुरुवातीला पार्टनर होता, त्याचं नाव त्याला आवडणार नाही म्हणून लिहीत नाही, पण कोड वाचायला मी त्याच्याकडनं शिकलो. तो स्क्रीनवर कधी वाचायचा नाही. अख्खा प्रोग्राम डॉट मॅट्रिक्सवर, कंटिन्युअस पेपरवर, कंडेन्स्ड करून काढायचा, जमिनीवर पसरायचा आणि पेन्सिल घेऊन बसायचा. कुठल्या प्रोसिजरमध्ये कुठला वर्क एरिया, म्हणजे डेटाची फाइल उघडायची जागा, सिलेक्ट होतो आणि परत जाताना पहिला एरिया परत लावलाय का, एवढंच आधी बघायचा. निम्म्या चुका तिथंच सापडायच्या. बाकी निम्म्यातल्या बऱ्याच म्हणजे फील्डचं (फाइलमधल्या रकान्याचं) नाव आणि व्हेरिएबलचं (मेमरीत तात्पुरत्या धरलेल्या किमतीचं) नाव एकच ठेवलेलं, मग फॉक्सप्रो फील्डच उचलतं, नावाआधी एम डॉट (m.) लावल्याशिवाय व्हेरिएबल मिळतच नाही, आणि लिहिणाऱ्याला हे माहीत नसायचं. नंतर घरच्या अडचणीमुळं तो नोकरीत गेला, त्याबद्दल काही तक्रार नाही.

आमची हत्यारं साधी. सोर्स, म्हणजे लिहिलेला मूळ प्रोग्राम, नसेल, नुसती इएक्सई, म्हणजे चालणारी तयार फाइल, असेल तर संस्थेचं लेखी पत्र घेऊन रीफॉक्स ह्या टूलनं सोर्स परत काढायचा. आणि एक हेक्स एडिटर, म्हणजे फाइलमधला एकेक बाइट दाखवून बदलू देणारा प्रोग्राम. लोडशेडिंगच्या काळात त्यानं फार साथ दिली. फॉक्सप्रोचा डेटा असतो त्या डीबीएफ फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, पाचव्या ते आठव्या बाइटमध्ये रेकॉर्डची संख्या असते, लाइट जाऊन मशीन बंद पडलं की कधी कधी रेकॉर्ड फाइलमध्ये गेलेलं असतं पण हेडरमधला आकडा जुनाच राहतो, मग शेवटच्या एंट्र्या 'गायब'. त्या गायब नसतात, आकडा दुरुस्त करून रीइंडेक्स मारलं, म्हणजे फाइलची सूची नव्यानं बनवली, की समोर येतात. किती जणांनी अशा एंट्र्या रात्री बसून परत मारल्यात आणि मग दुबार झाल्यात, ते बघून वाईट वाटायचं.

आता मुख्य गोष्ट. 2007 च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की व्हिज्युअल फॉक्सप्रोचं 9 नंतरचं व्हर्जन येणार नाही. ती बातमी घेऊन एक मोठी कंपनी आमच्या भागात गावोगाव फिरली. फॉक्सप्रो मेलं, तुमचा डेटा कधीही जाईल, असं चेअरमन लोकांना सांगायचे. आणि नेमकं त्याच सुमारास आमच्या सगळ्यात जुन्या पतसंस्थेत पिग्मीचा, म्हणजे रोज गोळा होणाऱ्या छोट्या ठेवींचा, फरक यायला लागला.

फरक विचित्र होता. रोजकीर्द जुळायची, व्यवहारांची फाइल जुळायची, पण खात्यांवरच्या बाकीची बेरीज जनरल लेजरशी जुळायची नाही. एखाद्या दिवशी फरक 500 चा, एखाद्या दिवशी 5500 चा, मग आठवडाभर काहीच नाही. त्या कंपनीच्या माणसानं डेटा करप्ट आहे, व्हायरस आहे, सगळं बदला असं मीटिंगमध्ये सांगितलं आणि कोटेशनही ठेवलं. संचालकांपैकी बरेच जण तिकडं झुकले होते. ही संस्था गेली असती तर तिच्याकडं बघून चालणाऱ्या बाकीच्या संस्थाही गेल्या असत्या, आणि आमचं ऑफिसचं भाडं त्यांच्या मेंटेनन्सवरच निघायचं. पोरांचे पगार मी तेव्हा सोनं गहाण टाकून केलेत.

संस्थेचे सचिव, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, ते एकटे ठाम राहिले. म्हणाले, "कोटेशन राहू दे बाजूला. चूक कुठाय ते आधी ह्यो सांगंल, मग ठरवू." तेवढ्यावर मी कामाला लागलो.

डेटा करप्ट असता तर आकडे वेडेवाकडे आले असते. इथं ज्या खात्यांवर जास्तीचे पैसे होते ती लिहून काढली तर 470, 471, 472 अशी ओळीनं, आणि त्या दिवशी 47 नंबरच्या सभासदानं 50 रुपये भरलेले. दहा खात्यांवर पन्नास-पन्नास, म्हणजे 500. 5500 च्या दिवशी भरणारा 12 नंबर होता, संस्थेची खाती 1900 च्या पुढं गेलेली, म्हणजे 120 ते 129 ही दहा आणि 1200 ते 1299 ही शंभर, एकशे दहा खाती गुणिले पन्नास. पोस्टिंगच्या ओळीत खातं नंबर ट्रिम करून, म्हणजे मागच्या मोकळ्या जागा काढून, साध्या 'बरोबर'च्या चिन्हानं (=) ताडला होता. सेट एक्झॅक्ट ही तुलना काटेकोर करायची की नाही ते ठरवणारी सेटिंग, ती ऑफ असताना फॉक्सप्रो उजव्या बाजूची अक्षरं संपली की थांबतं, म्हणून 470 ची सुरुवात 47 आहे एवढ्यावर ते 'जुळलं' म्हणतं. लहान नंबर संस्थापक सभासदांचे, ते रोज भरत नाहीत, म्हणून फरकही रोज नाही.

पण मग इतकी वर्षं का आला नाही? हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. मी डिस्प्ले स्टेटसचा, म्हणजे त्या वेळच्या सेटिंग्जच्या यादीचा, प्रिंट बरोबर चाललेल्या दिवशी काढला आणि चुकलेल्या दिवशी काढला, दोन्ही शेजारी ठेवले. बरोबर दिवशी एक्झॅक्ट ऑन, चुकलेल्या दिवशी ऑफ. ऑन करणारी ओळ थकबाकी यादीच्या रिपोर्टमध्ये होती, काम झाल्यावर परत ऑफ केलेलं नव्हतं. जुने क्लार्क रोज सकाळी वसुलीवाल्यांसाठी आधी थकबाकी यादी काढायचे आणि मग पिग्मी मारायचे, म्हणून तोवर एक्झॅक्ट ऑन झालेलं असायचं. ते रिटायर झाले. नवीन आलेली मुलगी हुशार, ती आधी पिग्मी मारून मोकळी व्हायची. तिची काडीची चूक नव्हती, पण कुजबुज तिच्याबद्दलच चालू होती, ती त्या दिवशी थांबली.

दुरुस्ती एका ओळीची. तिथंही सांगतो, कारण बरेच जण इथं फसतात: नुसतं डबल 'बरोबर' (==) टाकू नका, त्यात मागच्या मोकळ्या जागाही मोजल्या जातात आणि मग खरं खातंही जुळत नाही. पॅडआर हे फंक्शन लावून, मागं मोकळ्या जागा भरून, नंबर फील्डच्या लांबीएवढा करा, मग ताडा. आणि प्रत्येक प्रोसिजरच्या सुरुवातीला सेटिंग व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, बाहेर पडताना परत लावा. नंतर 1 एप्रिलच्या आरंभीच्या शिलकेपासून व्यवहारांच्या फाइलवरनं सगळ्या बाक्या परत काढल्या, लेजरशी पैशाला पैसा जुळला.

त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात 'संगणक प्रणाली सक्षम केली' असं एक वाक्य आलं, आमचं नाव नाही. त्या कंपनीला मात्र पुढच्या वर्षी सभेत मोबाइल मेसेजच्या कामासाठी हार घातला. अप्पांनी नंतर आमच्या ऑफिसात येऊन पेढे दिले, ते मी विसरणार नाही, पण अहवाल छापील असतो आणि तो राहतो.

पुढची वर्षं बरी गेली. जीएसटी आला तेव्हा अडतवाल्यांची धावपळ झाली, 64 बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम चालेनात म्हणून ते डॉसबॉक्स ह्या जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये बसवले, कामं येत गेली.

जी पोरं आता असल्या कामात येतायत त्यांना एवढंच म्हणतो की अशी चूक शोधताना आधी कोड उघडू नका. मशीनवर कोण बसतं, सकाळी पहिलं काय उघडतं, कुणाची बदली झाली, कोण रिटायर झालं ते विचारा. चेअरमनला नाही, क्लार्कला विचारा. आणि बॅकअपच्या कॉपीवरच हात चालवा, मूळ फाइलवर नाही.

सध्या त्याच संस्थेचा डेटा पोस्टग्रेस ह्या डेटाबेसमध्ये न्यायचं काम आमच्याकडं आहे, ह्या वेळी ठराव करून, आमच्या नावानं. खातं नंबर आधी ट्रिम करूनच चढवतोय, कारण तिथं व्हारकॅर जातीच्या रकान्यात '47' आणि मागं मोकळी जागा असलेला '47' ही दोन वेगळी खाती होतात, आणि जुन्या फाइलमधला प्रत्येक नंबर तसल्या मोकळ्या जागा घेऊनच येतोय. पिग्मी झाली, आता कर्जखाती चालू आहेत.