पासून, पर्यंत आणि आमच्या बाई

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवावे, असे पत्र आले तेव्हा मनात सर्वांत आधी आमच्या मराठीच्या बाई उभ्या राहिल्या. शाळेची वास्तू, मैदान, प्रार्थना, स्नेहसंमेलने यांविषयी माझे सोबती लिहितीलच आणि माझ्याहून चांगले लिहितील. मला लिहायचे आहे ते बाईंनी शिकवलेल्या शब्दयोगी अव्ययांविषयी, म्हणजे नामाला जोडून येणाऱ्या ‘पासून’, ‘पर्यंत’ अशा शब्दांविषयी, आणि मुख्य क्रियापदाच्या मदतीला येणाऱ्या सहायक क्रियापदांविषयी, कारण पुढची माझी सारी नोकरी त्याच शिदोरीवर झाली.

नाम आणि क्रियापद हे वाक्याचे मानकरी आणि बाकीचे शब्द त्यांच्या दिमतीला, अशा समजुतीने व्याकरण शिकवण्याची सर्वत्र रीत असते. बाईंची रीत उलटी होती. पावसाळ्यात गोदावरीला पूर आल्यामुळे शाळा लवकर सुटली होती आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुराखेरीज दुसरा विषय नव्हता. बाईंनी पुस्तक न उघडता फळ्यावर लिहिले, ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आले.’ मग ‘पर्यंत’ तेवढे पुसले आणि विचारले, “आता सांगा, पाणी कुठे आहे?” कोणी ‘खाली’ जोडले, कोणी ‘वर’, कोणी ‘जवळ’. रामकुंडावरच्या त्या मूर्तीकडे पाहून पुराचा अंदाज घेणाऱ्या नाशिककरांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ‘कमरेखाली’ असेल तर सराफ बाजारातला दुकानदार निर्धास्त असतो; ‘कमरेवर’ म्हटले की तो माल हलवायला लागतो. मारुती तोच, पाणी तेच, आणि साऱ्या गावाची धावपळ ठरते ती मागून जोडलेल्या दोन अक्षरांवर.

बाई तिथेच थांबल्या नाहीत. फळ्यावर उरलेल्या ‘कमरे’ या रूपाखाली त्यांनी रेघ मारली आणि मूळ शब्द विचारला. ‘कंबर’ या शब्दाचा अनुस्वार गेला होता, ‘ब’चा ‘म’ झाला होता, शेवटी एकार आला होता. ‘पर्यंत’ मात्र होता तसाच होता. सामान्यरूप म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळले. ज्याला आपण मुख्य म्हणतो, ते नाम जोडून येणाऱ्या शब्दासाठी आपले रूप पालटते, आणि जोडून येणारा शब्द लिंग, वचन, विभक्ती यांपैकी कशानेही बदलत नाही, म्हणून तर त्याला अव्यय म्हणायचे. नामाचे रूप पालटण्याला अपवाद असलेली ‘च’, ‘सुद्धा’, ‘देखील’, ‘मात्र’ ही शुद्ध शब्दयोगी अव्ययेही त्यांनी त्याच तासाला दाखवली. ‘कंबरसुद्धा बुडाली’ असे म्हणताना कंबर जशीच्या तशी राहते.

सहायक क्रियापदांचा तास तर मला आजही शब्दशः आठवतो. ‘सांगणे’ हे एकच क्रियापद घेऊन बाईंनी त्याच्यामागे एकेक मदतनीस उभा केला. ‘सांगून टाकले’ म्हटले की मनावरचे ओझे उतरलेले असते. ‘सांगून ठेवले’ यात पुढची तजवीज असते. ‘सांगून पाहिले’ म्हणजे समोरच्याने बहुधा ऐकलेले नाही, आणि ‘सांगून बसला’ म्हणजे जे सांगायला नको होते तेच नेमके सांगितले. टाकणे, ठेवणे, पाहणे, बसणे यांचे मूळ अर्थ इथे मागे पडतात, उरतो तो सांगणाऱ्याच्या मनाचा भाव. मराठीची खरी श्रीमंती या संयुक्त क्रियापदांत आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते बाईंचेच देणे आहे.

पुढे मी शासनाच्या सेवेत गेलो आणि कायद्यांचे व नियमांचे मराठी मसुदे तपासण्याचे काम माझ्याकडे आले. तिथे तर सारा कारभारच जोडून येणाऱ्या गोष्टींचा: पोटकलम, परंतुक, अनुसूची, जोडपत्र, सहपत्र, पुरवणी मागण्या. कलम एक गोष्ट देते आणि त्याच्याखाली ‘परंतु’ या शब्दाने सुरू होणारे परंतुक त्या देण्याला मर्यादा घालते, त्यामुळे परंतुक न वाचता कलम वाचणाऱ्याची फसगत ठरलेली. मुदतीचा मजकूर आला की बाई हटकून आठवत. कायद्यांतल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टनुसार ‘पासून’ या अर्थाच्या शब्दाने पहिला दिवस वगळला जातो आणि ‘पर्यंत’ या अर्थाच्या शब्दाने शेवटचा दिवस धरला जातो. एखाद्या शेतकऱ्याचे अपील मुदतीत बसते की बाद होते, हे या अव्ययांवर अवलंबून राहू शकते, म्हणून मसुद्यातला प्रत्येक ‘पासून’ आणि प्रत्येक ‘च्या आत’ मी थांबून वाचत असे. माझ्या कामाची वरिष्ठांनी वेळोवेळी प्रशंसा केली, तिचे श्रेय मी मनोमन त्या फळ्याला देत आलो आहे.

‘उप’, ‘पोट’, ‘जोड’, ‘पड’ यांचेही बाईंना असेच प्रेम होते. उपनदी, पोटमाळा, जोडधंदा, पडछाया असे शब्द त्या आमच्याकडून गोळा करवून घेत. दारणा आणि कादवा येऊन मिळतात म्हणून पुढची गोदावरी एवढी मोठी दिसते, हे भूगोलातले सत्य आम्हाला मराठीच्या तासाला कळले.

आज मन विषण्ण होते ते पाट्या आणि संदेश वाचताना. ‘मंदिरा समोर’, ‘पुला खाली’, ‘शाळे जवळ’ असे तोडून लिहिलेले शब्द जागोजागी दिसतात. मोबाईलवर शब्द सुचवले जातात तेही पुष्कळदा असेच सुटे असतात आणि लिहिणारा ते तसेच उचलतो. ‘शाळे’ या एकट्या रूपाला मराठीत अर्थ नाही. ते रूप पुढच्या शब्दासाठीच घडलेले असते. बाई अशा दोन तुकड्यांखाली लाल पेन्सिलीने एक छोटी कमान काढून ते जोडत असत. निबंधाच्या वहीत शेरा नसला तरी ती कमान हमखास असे, आणि घरी जाऊन तो शब्द जोडून पुन्हा लिहावा लागे.

शाळेला माझी एक मनापासून विनंती आहे. गुणांच्या दृष्टीने व्याकरणाचा भाग लहान असला, तरी आठवी आणि नववीच्या मुलांना या शब्दांसाठी आठवड्याचा एक स्वतंत्र तास द्यावा. शिकवायला मी आनंदाने येईन, आणि सुरुवात संयुक्त क्रियापदांपासून करावी असे मला वाटते.